मुलांना नकाशा, गाव आणि माणसं कशी ओळखीची करून द्यायची? नागपूरच्या आईबाबांचे आणि शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

चार ते दहा वर्षांच्या मुलांबरोबर मी नकाशांचे उद्योग करते. कधी शाळेत, कधी एखाद्या फ्लॅट स्कीमच्या गच्चीवर, कधी फुटाळ्याच्या काठावर. तिथे पालक आणि शिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं नागपूरची आहेत. अकोल्याच्या किंवा गोंदियाच्या वाचकांनी आपली नदी आणि आपला चौक घालून वाचावं.

मूल किती वर्षांचं झालं की नकाशा दाखवावा?

तीन वर्षांच्या आसपास सुरुवात करता येते, पण छापील नकाशाने नाही. ज्युडी डीलोश या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका खोलीची छोटी प्रतिकृती केली, मुलांच्या डोळ्यांदेखत त्यात एक छोटं खेळणं लपवलं, आणि मग मुलांना खऱ्या खोलीत नेऊन तसंच मोठं खेळणं त्याच जागी शोधायला सांगितलं. तीन वर्षांच्या बहुतेक मुलांना ते सापडलं, अडीच वर्षांच्या बहुतेकांना नाही. ‘हे छोटं त्या मोठ्याच्या जागी आहे’ ही समज साधारण त्या सहा महिन्यांत येते, आणि नकाशाला पाया लागतो तो हाच. घरी करून बघायला चपलांचं रिकामं खोकं आणि काड्यापेट्यांचे पलंग-सोफे पुरतात.

मोठं होतानाची पुढची पायरी म्हणजे दुसऱ्याच्या जागेवरून काय दिसत असेल ते ओळखणं. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी तीन डोंगरांचा देखावा मांडून समोरच्या बाहुलीला काय दिसतं असं विचारलं, तेव्हा लहान मुलं स्वतःला दिसतं तेच सांगत होती. पुढे मार्टिन ह्यूज यांनी डोंगर काढून टाकले, भिंती उभ्या केल्या आणि ‘पोलिसापासून बाहुलीला लपव’ असा खेळ दिला. तो चार वर्षांच्या मुलांनाही झकास जमला. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की मुलाला जमत नाही असं ठरवण्याआधी आपण दिलेलं काम त्याला कळण्यासारखं होतं का ते बघावं. लपाछपी सगळ्यांना कळते.

सुरुवात कुठून करू? भारताच्या नकाशापासून?

नको. पाच वर्षांच्या मुलासाठी भारत हा एक रंगीत आकार असतो, बस. सुरुवात वरून बघण्यापासून करा. जेवणाचं ताट जमिनीवर ठेवा आणि मुलाला स्टुलावर उभं करून वरून दिसतं तसं काढायला सांगा. पेला बाजूने काढायची सवय असते, तो वरून नुसता गोल दिसतो हे पटायला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यावा. मग स्वयंपाकघर, मग घर, मग गल्ली.

नागपूरकरांना यात एक नवी सोय झाली आहे. मेट्रो. सीताबर्डीहून लोकमान्य नगरच्या गाडीत बसवा, मूल खिडकीशी, आणि डब्यात फार शिकवू नका. झाडांचे शेंडे, टिनांची छपरं, पाण्याच्या टाक्या, चौकात वळणारे ऑटो, सगळं वरून. उतरल्यावर कागद द्या.

मुलीने आमच्या गल्लीचा नकाशा काढला, पण तो साफ चुकलाय. दुरुस्त करू का?

हात लावू नका. महालातल्या एका सात वर्षांच्या मुलाने शाळेच्या वाटेचा नकाशा काढला होता. घर अर्ध्या बोटाएवढं, शाळा त्याहून लहान, आणि मधल्या वळणावर एक कुत्रं, पानाचा एक चतुर्थांश भाग व्यापून. ‘हे येवढं मोठं काऊन काढलं रे?’ ‘तो चावते नं!’ कुत्र्यापासून शाळेपर्यंतची वाट मात्र सरळ, एकही दुकान नाही, कारण तेवढ्या भागात स्वारी पळत सुटते. आता यात चूक कोणती काढायची? काय महत्त्वाचं ते मोठं, काय नको ते गाळलं. नकाशा काढणारे सगळेच हे करतात. पर्यटनाच्या नकाशावर देवळं आणि तलाव असतात, तुमच्या घरासमोरचं डीपी नसतं. वीज कंपनीच्या नकाशावर नेमकं उलटं.

दुरुस्ती मुलालाच करू द्यायची असेल तर एकच प्रश्न विचारा: ‘यावरून मी एकटी तुझ्या घरी पोहोचेन का?’ मग ते स्वतःच ‘थांब, इथे पाणीपुरीचा ठेला राहिला’ म्हणून पेन्सिल उचलतं. पत्ता सांगताना आपणही हेच करतो. प्लॉट नंबर तोंडी लावायला, खरी भिस्त पाण्याच्या टाकीवर आणि अमक्याच्या पुतळ्यावर.

दोन मुलांना एकच गल्ली वेगवेगळी काढायला लावा आणि दोन्ही नकाशे शेजारी ठेवा. कोणाचा बरोबर यावर भांडण होईल. होऊ द्या.

दिशा कशा शिकवायच्या? ‘उत्तर वर’ एवढं पाठ झालंय, पण बाहेर आलं की गोंधळ.

कारण उत्तर भिंतीवरच्या नकाशात वर असते, जगात ती आकाशाकडे नसते. नकाशा भिंतीवरून काढा, जमिनीवर पसरा आणि फिरवून खऱ्या उत्तरेशी जुळवा. वर्गात एवढ्या एका गोष्टीने निम्मा गोंधळ जातो.

खरी उत्तर शोधायला मोबाइलच्या कंपासआधी काठी वापरा. गच्चीवर सरळ काठी उभी करा, अकरा ते एकच्या दरम्यान थोड्या थोड्या वेळाने सावलीच्या टोकावर खडूची खूण करा. सर्वांत आखूड सावली उत्तर-दक्षिण रेषेवर पडते आणि एरवी तिचं टोक उत्तरेकडे असतं. ती बरोबर बाराला पडत नाही, हे मुलं लगेच पकडतात. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालतं आणि नागपूर ७९ अंशांच्या जवळ आहे, म्हणून आपली खरी दुपार सरासरी १३-१४ मिनिटं उशिरा होते. सूर्याच्या स्वतःच्या लहरीमुळे ती वर्षभरात बाराच्या किंचित आधीपासून साडेबाराच्या अलीकडेपर्यंत सरकत राहते.

‘सूर्य पूर्वेला उगवतो’ हे वाक्यही जरा सैल करून सांगा. डिसेंबरात नागपुरात तो पूर्वेपासून साधारण २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो, जूनमध्ये तितकाच उत्तरेकडे. एकाच खिडकीतून सूर्य कोणत्या इमारतीमागून वर येतो ते दर महिन्याला काचेवर टिकली लावून नोंदवा. टिकल्यांची रांग लागते.

आणि २६ मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस चुकवू नका. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, २१ अंशांच्या थोडं वर आहोत, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो. मेच्या शेवटी, बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास, आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर. जुलैत ढग असतात, तेव्हा मेवरच भरवसा ठेवा. स्टीलचा पेला उन्हात उलटा ठेवला की सावली त्याच्याखाली गडप. या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत तर दुपारची सावली दक्षिणेला पडते, म्हणजे वर दिलेली काठीची युक्ती उलटी वाचावी लागते. मोठ्यांपैकीही फार कमी जणांना हे ठाऊक असतं. दिल्लीच्या मुलांना ही मजा नाही, ते कर्कवृत्ताच्या पलीकडे पडतात.

अंतर आणि प्रमाण?

पावलांनी. फाटकापासून किराणा दुकानापर्यंत किती पावलं, दुकानापासून शाळेपर्यंत किती. मग ‘दहा पावलं म्हणजे वहीची एक चौकट’ असं ठरवून चौकटीच्या कागदावर काढा. भागाकार न येणाऱ्या मुलांनाही हे येतं.

इथे मी नैनसिंग रावत यांची गोष्ट सांगते. कुमाऊँमधल्या मिलम गावचे हे शाळामास्तर. तिबेटात परक्यांना बंदी होती, म्हणून सर्वेक्षण विभागाने त्यांना यात्रेकरूच्या वेशात पाठवलं. चढ असो की उतार, पाऊल एकसारखं टाकायचा सराव त्यांनी केला होता. हातातल्या माळेत १०८ ऐवजी १०० मणी. दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा, बघणाऱ्याला वाटावं जप चाललाय. १८६६ च्या जानेवारीत ते ल्हासाला पोहोचले. ही गोष्ट ऐकल्यावर मुलांना पावलं मोजायला पुन्हा सांगावं लागत नाही. घरातल्या जपमाळा मात्र सांभाळा.

छापील प्रमाणाकडे आठ-नऊ वर्षांनंतर वळा. सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. जुन्या मालिकेत नागपूर शहराचा पत्रक क्रमांक ५५ ओ/४ आहे. त्यावर आपला तलाव, आपली टेकडी आणि रेल्वेचा फाटा बोटाने शोधायला मुलं अर्धा तास बसतात.

झिरो माईल खरंच भारताचा मध्यबिंदू आहे का?

हा प्रश्न मुलं कमी आणि बाबालोक जास्त विचारतात, आणि उत्तर ऐकून थोडे खट्टू होतात.

तो दगडी खांब आणि चार घोडे ही सर्वेक्षणाची खूण आहे. साल १९०७. खांबाच्या माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर. खांबावर आसपासच्या गावांची नावं आणि मैल कोरलेले आहेत, चंद्रपूर तिथे अजून ‘चांदा’ आहे. देशाचा मध्य म्हणून त्याची ख्याती झाली ती ब्रिटिश काळातल्या हिंदुस्थानावरून. आजच्या भारताचा मध्य तपासायचा असेल तर जाड पुठ्ठ्यावर नकाशा चिकटवा, कडेने काळजीपूर्वक कापा आणि पेन्सिलीच्या टोकावर तोलून बघा. तोल नागपूरच्या बराच उत्तरेला, मध्य प्रदेशात कुठेतरी सापडतो. बेटं सुटतात आणि पुठ्ठा कुठे जाड कुठे पातळ असतो, त्यामुळे दर वेळी जागा थोडी हलते. तेही मुलांना दिसू द्या.

अभिमानच बाळगायचा तर याहून चांगली गोष्ट आपल्या शेजारी आहे. १८०२ मध्ये मद्रासला विल्यम लॅम्ब्टन यांनी सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी दक्षिणेकडून वर सरकत सरकत विदर्भात आली. लॅम्ब्टन इथेच, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला १८२३ मध्ये वारले. त्यांची कबर तिथे आहे. पुढचं काम एव्हरेस्ट यांच्याकडे गेलं, ज्यांचं नाव नंतर शिखराला दिलं. हिंगणघाटला नातेवाईक असतील तर मुलांना घेऊन जा.

नाग नदी मुलांना दाखवावी का? ती तर नाला झालीये.

नक्की दाखवा, आणि वास येतो तेही लपवू नका. माझ्या मते नागपुरात भूगोल शिकवायला हिच्याइतकी चांगली जागा नाही. शहराला नाव देणारी नदी रोज ओलांडून मुलं शाळेत जातात आणि तिला ‘नाली’ म्हणतात.

पश्चिमेला लाव्याच्या टेकड्यांकडून सुरू करा. अंबाझरी तलाव, त्याखालून शहरातला प्रवास, पूर्वेला बाहेर पडणं, मग कन्हान. कन्हान वैनगंगेला मिळते. वैनगंगा आणि वर्धा एकत्र येऊन प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. लांब कागदी पट्टीवर हे काढायला लावलं की मुलं हटकून विचारतात, ‘मुंबईच्या समुद्रात नाही जात?’ नाही जात. आपण महाराष्ट्रात राहतो, पण आपल्या मोरीतलं पाणी आंध्रच्या किनाऱ्याकडे निघालेलं असतं.

दुसरी पट्टी उलट दिशेने काढायची. नळाला पाणी कुठून येतं? टाकी, मग गोरेवाडा, मग पेंचचा नवेगाव खैरी आणि त्याच्याही वर मध्य प्रदेशाच्या सीमेवरचं तोतलाडोह. शहराच्या काही भागांना कन्हानचं पाणी मिळतं, तेव्हा वर्गातल्या सगळ्यांच्या पट्ट्या सारख्या येणार नाहीत. ज्यांच्या घरी टँकर येतो त्यांच्या पट्टीत टँकर हवा. ज्यांच्याकडे विहीर आहे त्यांची विहीर. एकाच वर्गात किती तऱ्हांनी पाणी येतं हे भिंतीवर लागलं की शिक्षकांना वेगळं भाषण करावं लागत नाही.

२०२३ च्या सप्टेंबरात, २२ आणि २३ तारखेच्या मधल्या रात्री, अंबाझरी ओसंडून खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्या भागातल्या घरी तो विषय अजून निघतो. पाणी कुठून आलं, कुठे वळलं, कोणाचं घर उंचावर म्हणून वाचलं, हे आईवडिलांना विचारून मुलं काढू शकतात. ज्या मुलाच्या घरात पाणी होतं त्याला आग्रह मात्र करू नका. त्याला वाटलं तर तो सांगेल.

‘लोक कसे जगतात’ हा धडा म्हणजे पोशाखांचा तक्ता. याहून वेगळं काय करता येईल?

तक्ता गुंडाळून कपाटावर टाका. पंजाबी म्हणजे भांगडा, काश्मिरी म्हणजे कांगडी, एस्किमो म्हणजे इग्लू, एवढंच डोक्यात राहतं. इग्लू हा कॅनडा-ग्रीनलंडकडच्या काही इन्युइट लोकांचा प्रामुख्याने शिकारीच्या मुक्कामातला आसरा होता. आज ते तुमच्याआमच्यासारखे चार भिंतींच्या घरांत राहतात आणि मोबाइल वापरतात. मुलाला हे आधी सांगा, बर्फाचं चित्र नंतर.

माणूस काय घालतो यापेक्षा तो सकाळपासून काय करतो, ते विचारायला शिकवा. आणि विचारायचं प्रत्यक्ष माणसाला. पूर्व नागपुरात तांडापेठ, पाचपावली, गोळीबार चौक या भागांत कोष्टी विणकरांची वस्ती जुनी. हातमाग आता फार थोडे उरलेत, पण ओळखीतून एखादं घर सापडतं. आधी विचारून, चार-पाचच मुलं घेऊन जा. एका घरी माग जमिनीतल्या खड्ड्यावर होता. आजोबा खड्ड्यात पाय सोडून बसले होते, पाय खाली पट्ट्या दाबतायत, उजव्या हाताने दोरी ओढली की धोटा खट्‌कन डावीकडून उजवीकडे, आणि पुन्हा. आजी भिंतीशी बसून कांड्या भरत होत्या. मुलांनी आधी धोट्यावर झडप घातली, मग प्रश्न सुरू झाले. एक लुगडं किती दिवसांत? सूत कुठून येतं? तुम्ही सुटी कधी घेता? शेवटचा प्रश्न एका मुलीचा: ‘आजी कांड्या भरते, त्याचे तिला वेगळे पैसे भेटते का?’ आजोबा हसले. आजी हसल्या नाहीत.

परत आल्यावर याच भेटीचा नकाशा होतो. सूत येतं तिथून एक रेघ, कापड जातं तिथे एक रेघ, मध्ये घर.

संत्र्याचंही तसंच करता येतं, आणि ते सोपं आहे कारण फळ हातात असतं. काटोल-नरखेडकडची बाग. झाडाचं पाणी तोडून ताण देतात, मग पाणी दिलं की फूल धरतं. आंबिया बहाराचं फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाचं फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. तोडणीवाले, प्रतवारी करणाऱ्या बाया, गाडीवाला, कळमन्याच्या बाजारातले हमाल आणि अडते, मग तुमच्या चौकातला ठेला. प्रत्येकाचं एक चित्र, आणि प्रत्येकाच्या हातात किती उरतं असेल याचा मुलांनी केलेला अंदाज. अंदाज चुकला तरी चालेल, ठेलेवाल्या काकांना विचारून तपासता येतो.

सणही नकाशावर येतात. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन तुमचं मूल कोणाकोणाच्या दारी गेलं, ते काढू द्या. मारबतीची मिरवणूक कुठल्या रस्त्यांनी गेली, ते इतवारीतल्या मुलांना पाठ असतं आणि त्रिमूर्तीनगरच्या मुलांना त्याचा पत्ताही नसतो. दोघांना एका कागदावर बसवा.

आदिवासींबद्दल काय आणि कसं सांगावं?

नागपूरपासूनच सुरू करा. १७०२ च्या सुमारास हे शहर वसवलं ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहाने. भोसले नंतर आले. ‘गोंड म्हणजे जंगलात राहणारे’ असं शिकून मोठं झालेलं नागपूरचं मूल त्यांच्याच वसवलेल्या शहरात राहत असतं. तुमच्या वर्गात उईके, मडावी, कुमरे, आत्राम आडनावाची मुलं असू शकतात, आणि आपल्याविषयी ‘ते लोक’ म्हणून धडा चाललेला ऐकणं त्यांच्या वाट्याला का यावं? स्नेहसंमेलनात पिसं लावून नाचवणं तर बंदच करा.

सगळ्यांची घरं काढायला लावली की गरीब-श्रीमंत उघडं पडत नाही का?

पडतं. म्हणून घराच्या आतला नकाशा वर्गात काढायला लावू नका, तो घरचा उद्योग. वर्गात शाळा, रस्ता, मैदान, बाजार अशा सगळ्यांच्या जागा घ्या. ‘तुझं गाव कुठलं?’ हा प्रश्नही जपून. कोणी छिंदवाड्याचं असतं, कोणी बालाघाटचं, कोणी छत्तीसगडहून बांधकामावर आलेल्या आईबापांचं, आणि कोणाला गावच नसतं. ‘तुला कुठे जायला आवडतं?’ हे सगळ्यांना चालतं.

मोबाइलवरचा नकाशा की कागदाचा?

दोन्ही, पण कागद आधी. मोबाइलवर निळा ठिपका नेहमी मध्ये असतो आणि जग त्याच्याभोवती फिरतं, त्यामुळे ‘मी कुठे आहे’ हे शोधायची वेळच येत नाही. कागदावर ते शोधावं लागतं. उपग्रहाचं चित्र मात्र मोबाइलचंच झकास. मुलाने काढलेली गल्ली आणि वरून दिसणारी गल्ली ताडून बघायला द्या. घराची खूण आणि मुलाचं नाव असलेले नकाशे व्हॉट्सअॅप ग्रुपवर किंवा फेसबुकवर टाकू नका.

मेट्रोचा नकाशाही दाखवा. ऑरेंज आणि अॅक्वा मार्ग सीताबर्डीला छेदतात, सुबक अधिकचं चिन्ह. खरे रुळ एवढे सरळ नाहीत. तरी तो नकाशा उपयोगी का पडतो, हे आठ वर्षांचं मूल नीट सांगू शकतं.

पृथ्वीगोल घ्यावा का? आणि सपाट नकाशात ग्रीनलंड एवढं मोठं का?

गोल घ्याच, छोटा चालेल. दुसऱ्या प्रश्नासाठी एक संत्रं लागतं. सालीवर स्केचपेनने खंड काढा, मग साल सोला आणि टेबलावर सपाट करा. आपलं संत्रं सुटसुटीत सालीचं, हे काम मोसंबीने होत नाही. साल कडेला फाटतेच. न फाटता सपाट करायची तर ओढून ताणावी लागते, आणि भिंतीवरच्या अनेक नकाशांत ध्रुवांकडचा भाग तसाच ताणलेला असतो. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. खरं तर आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट आहे, आणि आपला भारतही ग्रीनलंडच्या दीडपट.

भारताचा कोणता नकाशा वापरावा?

भारतीय सर्वेक्षण विभागाचा, किंवा त्यावर आधारलेला. १७६७ मध्ये स्थापन झालेल्या या विभागाचं मुख्यालय डेहराडूनला आहे. परदेशी गोलांवर आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या चित्रांत उत्तरेची सीमा वेगळी असते. सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा छापणं हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा शाळेच्या फलकावर लावतानाही काळजी घ्या.

जुने तक्ते फेकू नका मात्र. तेलंगण २०१४ चं, पालघर जिल्हाही २०१४ चा, लडाख वेगळं झालं २०१९ मध्ये. जुना आणि नवा शेजारी ठेवून फरक शोधायला लावा. आणि घरात १९५० च्या आधी नागपुरात जन्मलेली आजी असेल तर तिला वर्गात बोलवा. जन्म मध्य प्रांत व वऱ्हाडात, मग नागपूर राजधानी असलेला मध्य प्रदेश, १९५६ पासून मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. घर न बदलता चार राज्यं फिरून झाली.

राजधान्या पाठ करून घेऊ नयेत का?

मुलांना आवडत असेल तर घ्या, काही बिघडत नाही. त्याला भूगोल मात्र म्हणू नका.

शाळेच्या अभ्यासक्रमात हे बसतं का?

बसतं. बालभारतीचं तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यानुसार वेगळं निघालेलं आहे. त्यात नागपूर जिल्ह्याचे १४ तालुके आहेत. मुलांना तालुक्यांची यादी देण्याऐवजी प्रत्येकाला एक तालुका द्या आणि तिथलं कोणी ओळखीचं आहे का ते घरी विचारून यायला सांगा. भिवापूरची मिरची आणि मनसरचं मँगनीज आपोआप येतात.

माझ्या वर्गात पन्नास मुलं आहेत. सगळ्यांना घेऊन बाहेर कशी जाऊ?

जाऊ नका. मैदानावर खडूने किंवा फक्कीने शाळेचा मोठा नकाशा आखा आणि मुलांना त्यात उभं करा. ‘मुख्याध्यापकांच्या खोलीत जा’, ‘नळावर जा’, ‘फाटकातून आत या’. अर्धी मुलं नकाशात, अर्धी खऱ्या जागी, आणि एकमेकांना ओरडून खुणा सांगायच्या. आवाज होईल, शेजारच्या बाईंना आधी सांगून ठेवा.

ज्या मुलाला दिसत नाही त्याचं काय?

त्याच्यासाठी नकाशा बोटांचा करा. रस्त्याला सुतळी, भिंतीला आइसक्रीमच्या काड्या, पाण्याला गुळगुळीत प्लॅस्टिक, मैदानाला सँडपेपर. मग तोच सगळ्या वर्गाला डोळे मिटून वाचायला द्या. वाट लक्षात ठेवण्यात हे मूल बहुधा बाकीच्यांच्या पुढे असतं, कारण त्याला रोज ते करावंच लागतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत काय करता येईल?

मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दिवसा बाहेरचं काही नाही. शून्य सावलीसाठी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास गच्चीवर दहा मिनिटं, टोपी आणि पाणी घेऊन, पायात चप्पल हवीच. बाकी सगळं सकाळी सातच्या आत किंवा कूलरसमोर. रामटेकच्या गडावर जायचं तर पावसाळा संपल्यावर. तेव्हा वरून खिंडसीचा तलाव भरलेला दिसतो.

साहित्य काय काय लागतं?

पाठकोरे कागद, चौकटीची वही, खडू, सुतळी, मीटरची फीत, एक साधा कंपास. फीत कापडी घ्या, पत्र्याची बोटं कापते. तयार नकाशा-कोड्यांचे महागडे संच लागत नाहीत. कोणी भेट दिलाच तर आधी त्यातली भारताची सीमा तपासून बघा.